रोटाची मूठ

(सुरतेतलं उधना. श्रावणातली सकाळ. खालच्या खोलीत प्रमिलाबाई कानबाई या खानदेशी देवीच्या सणासाठी परातीत गहू निवडत बसल्या आहेत. मालिकांतून राण्यांच्या भूमिका करणारी त्यांची मुलगी उज्ज्वला आत्ताच मुंबईहून आली आहे आणि धाकटा ललित तिची बॅग उघडून बसला आहे.)

ललित : हे काय आणलंस ताई? हा तर पंजाबी ड्रेस आहे.

उज्ज्वला : मग? तूच फोनवर म्हणालास, येताना ड्रेस घेऊन ये. मला वाटलं गायत्रीसाठी हवाय. मनात म्हटलंसुद्धा, सुरतेतल्या भावजयीला मुंबईहून ड्रेस न्यायचा म्हणजे उलटीच गंगा.

ललित : अरे, ड्रेस म्हणजे तो ड्रेस! राणीचा! मुकुट, तलवार, दागिने, फुल सेट. सोमवारी कानबाईची मिरवणूक आहे. तू रथात बसणार आहेस.

उज्ज्वला : मी रथात बसणार आहे, हे कोणी ठरवलं?

ललित : मंडळानं. म्हणजे सुचवलं मी, पण सगळे एकदम खूश. भाईदासभाई तर म्हणाले, ललित, तुझी बहीण आली तर पुढच्या वर्षी मंडळाचा प्रमुख तूच. चार रस्त्यावर बॅनर लागलंय, दिसलं नाही का येताना?

उज्ज्वला : दिसलं. ती मी होते होय? मला वाटलं सोन्याचांदीच्या दुकानाची जाहिरात आहे.

ललित : मजाक नको करू यार.

उज्ज्वला : मजाक तू केलायस. मी अहिल्याबाई केली तेव्हा माझ्या हातात महादेवाची पिंड होती, पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. तुझ्या बॅनरवर तिच्या डोक्यावर मुकुट आणि हातात तलवार आहे.

ललित : ते डिझाइनवाल्या पोरानं टाकलं. पब्लिकला तलवार लागते ताई. पिंड दुरून दिसत नाही.

उज्ज्वला : आणि खाली काय लिहिलंय? ‘साक्षात अहिल्यामाता येत आहेत.’ त्याच्याखाली, ‘आपल्या ललितभाऊंच्या भगिनी.’ तुझं नाव आहे, तिचं नाव आहे. माझं कुठंय?

ललित : तुला कोण ओळखत नाही? नावाची काय गरज?

प्रमिलाबाई : ललित, कान खाऊ नको तिना. उनी तशी च्या बी पिनी नही अजून.

उज्ज्वला : नाही माय, बोलू दे त्याला. पुढं काय आहे कार्यक्रमात? रथात बसून मी काय करायचं?

ललित : काही नाही, हात हलवायचा. आणि नदीवर पोचल्यावर माइकवर तो डायलॉग. ‘आम्ही पदर डोक्यावर घेतो, डोकं झुकवत नाही.’ बस. पब्लिक पागल होईल. आमच्या किरणला पण पाठ आहे.

उज्ज्वला : तो डायलॉग ज्यानं लिहिला ना, त्या पोराची आई त्याच्या सगळ्या बनियनी धुते अजून. सेटवर डबा येतो त्याचा, पोळी गार झाली तर फोन करून तिच्यावर ओरडतो. आणि मग बसतो लिहायला, स्त्री म्हणजे काय ते.

ललित : आपल्याला काय करायचंय? डायलॉग हिट आहे.

उज्ज्वला : हो, हिट आहे. मी पण हिट आहे. जिजाऊ केली, झाशीची केली, अहिल्याबाई केली. आता परत एक महान बाई आणून ठेवलीय निर्मात्यानं समोर. मला कोणी विचारत नाही, मॅडम, एखादी भांडकुदळ बाई कराल का, एखादी हावरट बाई कराल का, नुसती खिडकीत बसून पेरू खाणारी बाई कराल का. महान बाईला भूक लागत नाही, तिला घाम येत नाही. तिला राग आला की मागं तुतारी वाजते. आणि मला राग आला की तुम्ही म्हणता, चहा घे.

प्रमिलाबाई : मंग काय तुतारी वाजाडू? च्या थंडा व्हई ऱ्हायना.

ललित : थांब, फोन आहे. हां भाईदासभाई, बोलो. हां हां, आवी गई, आवी गई. मुकुट? बधुं छे, बधुं छे, चिंता नथी. सोमवारे टाइमसर. जय माताजी.

उज्ज्वला : बधुं छे? सगळं आहे?

ललित : मग काय सांगू? सहारा दरवाज्याला नाटकाचे ड्रेस भाड्यानं मिळतात. बघतो मी, मुकुट मिळेल. तू फक्त चिडू नको. कारखान्याचं काम सोडून आठवडाभर धावतोय मी या प्रोग्रामसाठी.

उज्ज्वला : नाही चिडत. सरक, मी जरा मायबरोबर गहू निवडते. किती वर्षांनी…

प्रमिलाबाई : हात लावू नको!

उज्ज्वला : काय झालं?

प्रमिलाबाई : रोटना गहू शेतस त्या. आंग धुवेल नही तुनं. गाडीमाईन उतरी तशीच बसनी तू.

उज्ज्वला : बरं बाई. नाही लावत. आंघोळ करून लावते.

ललित : आंघोळ करून पण… राहू दे ना ताई. माय करते ते. तू आराम कर.

उज्ज्वला : म्हणजे?

ललित : म्हणजे काही नाही.

उज्ज्वला : नाही, काहीतरी आहे. माय, तू मघाशी बोटांवर काय मोजत होतीस? मी आत येताना ऐकलं. नावं घेत होतीस.

प्रमिलाबाई : नावंच लेस. मूठ नावनी ऱ्हास ना. ही ललितनी. ही किरणनी. ही हेमराजनी. ही गावना सुकलाल आबानी, ही त्यासना श्रीरंगनी, आनि ही श्रीरंगना तान्हा पोऱ्यानी.

उज्ज्वला : श्रीरंगच्या पोराची? त्याला अजून दात नाहीत. तो रोट खाणार?

ललित : खायचं सवाल नाही, ताई. घरातल्या, भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एक मूठ. त्याच गव्हाचं दळण, त्याचेच कानबाईच्या प्रसादाचे रोट. रीत आहे. तुला माहीत नाही का?

उज्ज्वला : माहीत आहे. विसरले होते मी. नाही, विसरले नव्हते, मला वाटलं तुम्ही विसरला असाल. माझी मूठ?

ललित : बायांची मूठ नसते.

उज्ज्वला : बरं. मूठ नसते. खायला तरी मिळतो ना? लग्नाआधी मी खायची रोट. त्या वर्षी तर तूप गूळ घालून तुझ्या वाटचा पण खाल्ला होता.

ललित : लग्नाआधीची गोष्ट वेगळी. लग्न झालं की पोरगी दुसऱ्या कुळाची. रोट कुळाच्या बाहेर देत नाहीत.

उज्ज्वला : माझी फारकत होऊन किती वर्षं झाली, ललित? मी कोणत्या कुळाची आहे आता?

ललित : ते… आबा लोक बघतात ते. मला काय विचारते?

उज्ज्वला : थांब. थांब जरा. मागच्या वर्षी मी आले होते. रविवारी संध्याकाळी कानबाईची आरती झाली आणि तू मला गच्चीवर पाठवलंस. म्हणालास, सोसायटीतल्या पोरी सेल्फीसाठी थांबल्यात, बिचाऱ्या केव्हाच्या उभ्या आहेत. मी वर गेले. एकेकीबरोबर फोटो काढला, त्यांच्या आयांबरोबर काढला. एकीनं तर पाया पडून तांदळाची ओटी भरली माझी. खाली आले तेव्हा पंगत उठली होती. गायत्री ताटं घासत होती. मला म्हणाली, ताई, तुमच्यासाठी बाहेरून पावभाजी मागवली.

ललित : …पोरी खरंच थांबल्या होत्या.

उज्ज्वला : कोणी बोलावलं होतं त्यांना?

ललित : ताई, सोड ना.

उज्ज्वला : कोणी बोलावलं होतं?

ललित : मी! मी बोलावलं! काय करणार होतो? आबा बसले होते पंगतीत. तू समोर येऊन बसली असती तर ते ताटावरून उठले असते. सगळ्यांसमोर तुझा अपमान झाला असता. मी तुझी इज्जत वाचवली.

उज्ज्वला : माझी इज्जत! वा रे माझ्या भावा! मला देवी करून गच्चीवर उभी केलीस आणि खाली दार लावून जेवलात तुम्ही! आणि मी मूर्ख, मी खूश होते रे त्या रात्री. मुंबईला जाऊन सांगितलं सगळ्यांना, माझ्या माहेरी मला किती मान आहे! माय, तुला माहीत होतं?

प्रमिलाबाई : …मालूम व्हतं.

उज्ज्वला : मले काय समजतस तुम्ही? हां? राणी म्हनीसन रथमा चालस मी, आनि आंडेर म्हनीसन, घरनी पोर म्हनीसन ताटवर चालत नही? बाहुली शे का मी तुमनी?

ललित : बघ, चिडली की कशी बरोबर येते अहिराणी. इंटरव्ह्यूमध्ये तर म्हणते, मला येत नाही.

उज्ज्वला : येत नाही म्हणायला लावतात म्हणून म्हणते! पहिल्या ऑडिशनला माझं ‘ण’ ऐकून हसले होते सगळे. घासून घासून काढली मी ती जिभेवरची. आणि कोणासाठी काढली? टीव्हीवर रोज पाट्या पडतात तेव्हा कोणाचं नाव येतं? उज्ज्वला बन्सीलाल! माझ्या नवऱ्याचं नाही, बाबांचं. ज्या माणसाला जिवंतपणी या उधन्यात लूमच्या खात्याबाहेर, त्या कारखान्याबाहेर कुत्रं ओळखत नव्हतं, त्याचं नाव घराघरांत नेलं मी. तुझ्या कारखान्यावर आहे का रे बाबांचं नाव? ‘गणेश एम्ब्रॉयडरी.’ आणि मूठ तुझी. तुझ्या पोरांची. बिनदाताच्या पोराची. आणि मी कुळाबाहेरची!

ललित : मी बनवली का ही रीत? मायला विचार. ती भरते मुठी, मी नाही.

उज्ज्वला : विचारतेच. माय, एवढ्या वर्षांत तुला एकदाही वाटलं नाही, या पोरीची एक मूठ टाकावी? परातीत वाकून बघायला कोण येतं? कानबाई आपली बाईच आहे ना?

प्रमिलाबाई : झायं तुनं बोलीसन?

उज्ज्वला : नाही झालं.

प्रमिलाबाई : तरी आते गपचूप बठ. मन्ही मूठ कुठे शे परातमा?

उज्ज्वला : काय?

प्रमिलाबाई : मन्ही. प्रमिलानी. लगीन व्हईसन उनू तैनपासून निवडी ऱ्हायनू गहू. मीच धुस, मीच दळस, मीच रांधस. मन्ही मूठ दखी का तू कव्हय? लहानपने मांडीवर बसे मन्ह्या, मुठी दखे, नावं पाठ करे. इचारं का एकदा तरी, माय, तुन्ही कोनती?

उज्ज्वला : मला वाटायचं… तुझी असेलच.

प्रमिलाबाई : सम्दासले आसंच वाटस. आनि काय म्हने तू? बन्सीलालनं नाव घरोघर लई गई. बराबर शे. नावमा बन्सीलाल, मुलाखतमा बन्सीलाल. ‘मन्हा बाप खातामा राबे आनि मले नाटकले धाडे.’ टीव्हीसमोर बसीसन आयकस ना मी. शेजारनी उषाबाई मन्हाकडे दखस, मी पदर तोंडले लावस. तिले वाटस मी रडी ऱ्हायनू.

उज्ज्वला : माय, ते तसं बोलायचं असतं…

प्रमिलाबाई : बाप नाटकले धाडे का तुले? पयला नाटकना दिन कानफटमा दिन्ही व्हती त्यानी तुले. तोंडले रंग लावस म्हनीसन. घरमा घेवाले तयार नव्हता. तुले भेस्तानना शाळामा नाटकले कोन लई जाये? तुना लुगडासाठे मी धागा कटिंगन्या साड्या लई येवू घरे. डोळा फुटी गयात मन्हा धागा कापी कापी. टीव्हीवर एक दिन म्हने का तू, मन्ही माय? तूबी मूठ भरी ती बापनीच.

ललित : माय, ती म्हणणार कसं? उज्ज्वला प्रमिला असं नाव लावलं असतं तर लोक विचारतील, बाप कोण.

प्रमिलाबाई : हां. भाऊबंदबी आसंच इचारतस.

उज्ज्वला : …जिजाऊ करत होते तेव्हा शेवटच्या भागात लेक गादीवर बसला, टाळ्या पडल्या, माझं काम संपलं. दुसऱ्या दिवशी मला न सांगता माझी खुर्चीसुद्धा हलवली होती मेकअपच्या खोलीतून. मी आठवडाभर धुसफुसत होते. म्हणत होते, आईची गोष्ट आणि संपते मुलावर. आणि मी स्वतः…

प्रमिलाबाई : भाषन नको देऊ. मले त्या भाषनेसना कटाळा शे.

ललित : बास ना आता दोघी. माय, एक काम कर. तिला एवढंच वाईट वाटतंय तर टाक तिची एक मूठ. कोण बघतंय? एकदा दळलं की कोणाची मूठ कोणती, आबांना काय, कानबाईलाही कळणार नाही. तुझीपण टाक. झालं? आणि ताई, तू सोमवारी रथात बस. हिसाब बरोबर.

उज्ज्वला : चोरून?

ललित : चोरून नाही, गुपचूप.

उज्ज्वला : मला गुपचूप मूठ नको. गुपचूप मी गच्चीवर उभी होतेच की. ऐक ललित, नीट ऐक. मी रथात बसते. मुकुट घालते, तुझी ती भाड्याची तलवार पण धरते. नदीवर माइक हातात येऊ दे. सगळ्या उधन्यासमोर सांगते, या रथातल्या बाईला तिच्या घरी रोट मिळत नाही. मग बघू पब्लिक कसं पागल होतं.

ललित : तू असं करणार नाहीस.

उज्ज्वला : का नाही? डोकं झुकवत नाही ना आम्ही? पदर घेतो फक्त.

ललित : माय, सांग ना तिला! भाऊबंद तोंड दाखवणार नाहीत आपल्याला! आबा गावाला जाऊन काय बोलतील? उद्या माझ्या पोरांच्या सोयरिकी व्हायच्यात!

प्रमिलाबाई : ललित, आबाले फोन लाव.

ललित : काय?

प्रमिलाबाई : फोन लाव आबाले. परवा येवाना शेतस ना त्या. आतेच सांगाले जोयजे. मंग ताटवरथीन उठाले नको.

ललित : माय, नको. तू काय बोलणार आहेस?

प्रमिलाबाई : लावस का मी त्या उषाबाईना पोऱ्याले बलावू?

ललित : …लावला. घे. रिंग जातेय.

प्रमिलाबाई : आबा, राम राम. प्रमिला बोलस, सुरतथीन. हां, पोरे चांगला शेतस. पानी पडी ऱ्हायना का तठे? बरं. आयका आबा, गहू निवडी ऱ्हायनू. यंदा दोन मुठी जास्ती टाकी ऱ्हायनू… कोन्या? एक मन्ही. एक उज्ज्वलानी… हां, तीच. टीव्हीवाली… नही आबा, कोनी काही खवाडेल नही मले. डोकं ठिकानवर शे… नही. इचारत नही शे. सांगी ऱ्हायनू… मालूम शे रीत मले. मीच पाळी ना ती इतला दिन. तुम्ही तं नुसता जेवाले येतस… हॅलो? आबा?

ललित : काय म्हणाले?

प्रमिलाबाई : ठेवी दिन्हा.

ललित : झालं! संपलं! आता कोणी येणार नाही. एकही भाऊबंद येणार नाही परवा. कानबाईसमोर आपण एकटेच बसणार!

प्रमिलाबाई : बसूत. एकलाच बसूत. श्रीरंगना पोऱ्यानी मूठ ऱ्हाऊ दे, त्या लेकरूना काय गुन्हा शे.

ललित : आणि मंडळ? भाईदासभाईंना मी काय सांगू? रथात कोण बसणार?

प्रमिलाबाई : रथमा कानबाई बसी. रथ तिनाच शे.

ललित : बॅनर लागलंय माय! चार रस्त्यावर!

प्रमिलाबाई : मंग नाव लिखी ये तिनावर. तिनं सोतानं नाव. रंगनी डबी शे वरे, माळावर.

उज्ज्वला : माय…

प्रमिलाबाई : आते कसाले रडस? तठे टीव्हीवर रड, आठे गहू वले व्हतीन. आनि मन्हाकडे दखू नको आशी. मी अजून चिडेल शे तुनावर.

उज्ज्वला : माझी मूठ तू टाक. तुझ्या हातानं.

प्रमिलाबाई : कसाले? तुले हात नही का? तुन्ही मूठ तूच टाक. जाय, पहिले आंग धुई ये.